डिंपनाचा मंगळवार

दारू सोडणारे आम्ही ज्या खोलीत जमतो तिथे बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आजवर मी तो पाळला. ही हकीगत मात्र सांगते, कारण कार्टी घराण्यातल्या डिंपनानेच मला तसं बजावलं आहे. "फिलो, सांग खुशाल," ती म्हणाली. "गप्प बसून बसून आमच्या घराचं काय झालं ते मी बघितलंय." आणि गिब्लिन मास्तर तर आता हयात नाहीत.

मी किलशानच्या पोस्टात आहे. हिरवी गाडी घेऊन डोंगराकडच्या घरांना टपाल वाटते. दारू मीही प्यायचे, आणि सोडली तेव्हा मला हात देणारे गिब्लिन मास्तरच होते. सुरुवातीच्या त्या दिवसांत ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे, मी थरथरत असायचे आणि ते शांतपणे बटाटे सोलत राहायचे. एवढं आधी सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हिचं आणि त्या म्हाताऱ्याचं आधीच वाकडं असणार.

डिंपना तेव्हा पन्नाशी गाठलेली, रुंद खांद्यांची आणि भक्कम आवाजाची बाई होती. मुलगी असतानाच ती किलशान सोडून गेली होती. पुढे लाँगफर्डला टॅक्सी चालवायची. नवरा लीड्सला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. वर्षानुवर्षं तिने पबमधून धड चालता न येणाऱ्या बाप्यांना उचलून त्यांच्या दारात नेऊन सोडलं, त्यांच्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या, गाडीतली ओकारी धुतली. तिचं स्वतःचं पिणं असायचं चहाच्या थर्मासातून. एका भर दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यातून एका म्हातारीला घरी आणताना तिने गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही, पण पोलीस आल्यावर म्हातारीनेच थर्मासकडे बोट दाखवलं आणि या चहाला कसला वास येतो ते जरा बघा म्हणाली. कोर्टाने लायसन्स काढून घेतलं. पेपरात चार ओळी आल्या, नावासकट आणि वयासकट.

टॅक्सी गेली, मग भाड्याचं घर गेलं आणि डिंपना भावाकडे राहायला आली.

जार्लथ तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. लग्न केलेलं नाही. थोड्या गाई, पुष्कळ मेंढ्या, आईबापांचं घर. मोठा धिप्पाड माणूस, पण बोलतो इतकं हळू की गाईसुद्धा त्याच्याकडे मान वळवून ऐकतात. त्याला वाचता येत नाही. सरकारी पत्र आलं की मी ते फाटकापाशी उघडून त्याला वाचून दाखवते, आणि वाचताना त्याच्या उजव्या बाजूला उभी राहते, कारण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. तो कान कशाने गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे असलं काही विचारत नाहीत.

डिंपना तिथे येऊन प्यायला लागली ती भावासमोर उघडच. एका सकाळी जार्लथ दूध काढायला गोठ्यात गेला, तर ही शेणाच्या पन्हाळीत डोकं टेकून पडलेली. त्याने तिला उचलून भिंतीला टेकवून बसवलं, तोंड धुतलं, आणि आधी दूध काढून घेतलं. गाई थांबत नाहीत. मग तिच्यासमोर बादली पालथी घालून बसला आणि म्हणाला, "आईला मी पुरलं. बाबांना मी पुरलं. तुला पुरायचं काम मला सांगू नकोस."

बाकी काही नाही. डिंपना म्हणते, त्याने थोबाडीत मारली असती तर मी उलट मारली असती आणि प्यायला मोकळी झाले असते. पण हा आपला बादलीवर बसून राहिला.

मग ती दारू सोडवणारं कुणी मिळतं का ते शोधायला लागली, आणि जे मिळालं त्याने तिचं डोकं आणखी फिरलं. फादरांनी तिला वेदीपुढे शपथ घ्यायला सांगितली आणि मेणबत्ती लावून दिली. डॉक्टरने घड्याळाकडे बघत एक छापील कागद दिला, त्यावर शेजारच्या गावातल्या, दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा पत्ता होता. लायसन्स नाही, बस नाही, म्हणून जार्लथने तिला ट्रॅक्टरवर बसवून नेलं. पत्त्यावर जाऊन बघतात तर तिथे माणसांना दिव्याखाली झोपवून त्यांची गोरी कातडी उन्हात रापल्यासारखी तांबूस करून देणारं दुकान. गट केव्हाच बंद पडला होता. डिंपनाने दुकानाच्या दाराला लाथ घातली. आतून एक नारिंगी रंगाची पोरगी बाहेर आली आणि अपॉइंटमेंट आहे का म्हणून विचारलं. जार्लथला हसू आवरेना, त्यामुळे परतीच्या वाटेवर डिंपनाने त्यालाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टपाल घेऊन गेले तर अंगणात हिचा तोंडाचा पट्टा चालू होता: डॉक्टर, फादर, ती पोरगी, कोर्ट, पुलाचा कठडा, सगळ्यांचा उद्धार. मी लाइटचं बिल तिच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, मंगळवारी साडेसातला चर्चच्या हॉलचं मागचं दार, मी असते तिथे.

ती एकदम थांबली. "मी पिते म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"गोठ्यामागे त्या बाटल्या कोण टाकतं मग? गाई?"

तिने माझ्या तोंडावर दार आपटलं. मंगळवारी आली.

हॉलच्या पुढच्या भागात त्याच वेळी पोरींचा नाचाचा क्लास असतो. आया गाड्या लावून, काचा खाली करून बाहेर बसलेल्या असतात, म्हणजे आमच्या मागच्या दाराने कोण आत जातं याची हजेरी दर मंगळवारी व्यवस्थित घेतली जाते. त्या गाड्यांच्या मधून धडधडत जार्लथचा ट्रॅक्टर आला आणि मडगार्डवरून डिंपना उतरली, बुटाला शेण, मान ताठ. एक काच वर जायला लागली, तशी ती त्या बाईला म्हणाली, "राहू दे की खाली. नीट दिसेल." जार्लथ ट्रॅक्टर भिंतीशी लावून तिथेच बसून राहिला.

आत आम्ही नेहमीची माणसं होतो. ट्रक चालवणारा मालाकी, मी, आणखी चार-पाच जण, आणि मधल्या खुर्चीवर गिब्लिन मास्तर. मास्तरांना दारू सोडून आमच्यात सगळ्यांत जास्त काळ झालेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सडपातळ म्हातारा, सदऱ्याची इस्त्री कडक, आवाज मऊ. त्यांनी डिंपनाकडे बघून मान हलवली आणि आलीस ते बरं झालं म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिने त्यांना दारातच ओळखलं होतं.

मला एवढंच दिसलं की तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मला वाटलं, पहिला दिवस आहे, घाबरली असेल.

त्या दिवशी मास्तरांनीच आपली कहाणी सांगितली. ती आम्हाला पाठ होती. शाळा दोन खोल्यांची, बायको लवकर गेली, टेबलाच्या खणात बाटली, पोरांना वास येऊ नये म्हणून तोंडात पेपरमिंटची गोळी. आणि मग ते नेहमीचं वाक्य: "त्या काळात मी मुलांशी जरा कडक वागलो. त्याचं मला वाईट वाटतं." आम्ही नेहमीसारख्या माना डोलावल्या. नंतर चहा झाला. मास्तरांनी स्वतः कप भरून डिंपनाला नेऊन दिला, साखर किती म्हणून विचारलं. तिने कप घेतला, तसाच खिडकीत ठेवला आणि निघून गेली.

ती परत येणार नाही असं मी धरून चालले होते. पुढे तिने मला सांगितलं की घरी जाऊन ती बाटलीसमोर बसली, बाटली उघडलीही, पण राग इतका होता की घोट घशाखाली जाईना. पहिले काही आठवडे मी प्रार्थनेवर काढले नाहीत की तुमच्या चहावर, ती म्हणते, मी ते त्या माणसाच्या रागावर काढले.

दुसरा गट होता स्लायगोला, गुरुवारी संध्याकाळी. जायला तास लागतो. बस सकाळी जाते आणि दुपारी परत येते. ट्रॅक्टरने काही तिकडे जाता येत नाही. तिने सगळीकडे फोन करून पाहिलं. जवळपास दुसरं काहीच नव्हतं. म्हणून पुढच्या मंगळवारी ती परत आली, दाराजवळची खुर्ची धरून बसली, बोलली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच. मास्तर तिच्याशी फार मायेने वागायचे. हवं तेव्हा बोल, घाई नाही, म्हणायचे. ते असं म्हणाले की तिच्या मानेवरची शीर उडायची.

मग एका मंगळवारी मास्तर पुन्हा तेच म्हणाले. मुलांशी जरा कडक वागलो.

"कडक नव्हतात तुम्ही," डिंपना म्हणाली.

आमच्यात दुसरा बोलत असताना मधे बोलत नाहीत. मालाकीने तिला तसं सांगितलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कडक म्हणजे गृहपाठ जास्त देणं. कडक म्हणजे कोपऱ्यात उभं करणं. नऊ वर्षांच्या पोराच्या कानाखाली असा हात टाकायचा की कानातून रक्त येऊन सदऱ्याची कॉलर भिजेल, याला कडक म्हणत नाहीत. मी पुढच्या बाकावर होते. मोजे घालून बाकाखाली पाय हलवत होते, ते सुद्धा आठवतं मला. तुम्ही खिशातून रुमाल काढलात आणि आधी स्वतःचा हात पुसलात."

भिंतीपलीकडे पोरींचे पाय एका तालात आपटत होते.

मास्तरांनी विचारलं, "तू कुणाची गं?"

"कार्टींची. जार्लथची बहीण."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ओघळून खाली आलं. मग म्हणाले की आठवतं त्यांना. दारू सोडल्यावर ते कितीतरी जणांच्या दारात माफी मागायला गेले होते, हे खरं आहे, मीच एकदा गाडीतून नेलं होतं त्यांना. पण जार्लथकडे गेले नव्हते. का, तर इतक्या वर्षांनी जुनं उकरून काढलं तर उलट त्यालाच इजा होईल असं त्यांना वाटलं. माफी मागून समोरच्याला इजा होणार असेल तर मागू नये, असं आमच्यात मानतात.

"इजा कुणाला झाली असती?" डिंपना उभी राहिली. आवाज मात्र खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "त्याला, की तुला?"

तुम्हीचं तू झालं ते खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. आमच्या गावात गिब्लिन मास्तरांना तू म्हणणारं कुणी नव्हतं.

"शाळा सोडली त्याने त्या वर्षी. आईने कानात कोमट तेल घातलं. बाबा म्हणाले, मास्तरांनी उगीच नसेल मारलं. झालं, विषय संपला. आज त्याचं पत्र पोस्टाची बाई वाचून दाखवते. आणि तू इथे मधल्या खुर्चीवर बसून मला साखर किती विचारतोस. आत्ता बाहेर बसलाय तो. ट्रॅक्टरवर. जा की."

मास्तर उठले. टोपी घेतली. पण जार्लथ होता त्या मागच्या दाराने नाही गेले. मधलं दार उघडून नाचणाऱ्या पोरींमधून वाट काढत पुढच्या दाराने बाहेर पडले. बटाटे सोलणारा तो माणूस आणि पोरींच्या आड लपून पळणारा हा माणूस एकच होते, आणि मला दोघांपैकी कुणालाच सोडता येईना.

मालाकी डिंपनावर धावून गेल्यासारखा बोलला. या माणसाने मला जिवंत ठेवलंय, म्हणाला. हा जर उद्या प्यायला, तर ते तुझ्या डोक्यावर. डिंपना म्हणाली की चाळीस वर्षं तुमच्या मास्तरांचं ओझं आमच्याच घराने वाहिलंय, आता थोडं तुम्ही वाहा. आणि दार आपटून गेली. मी तिच्या मागे धावले.

बाहेर ती जार्लथवर ओरडत होती. आत मास्तर असतात हे तिने त्याला आजवर सांगितलं नव्हतं, नियम म्हणून, त्याला त्रास नको म्हणून. आता सांगायला लागली, तर जार्लथने इंजिन बंद केलं.

"माहिती आहे मला," तो म्हणाला.

"काय माहिती आहे?"

"मास्तर आत असतो ते. पहिल्या दिवशीच बघितला. मला ऐकायला कमी येतं, डिंपना. दिसतं सगळं."

जार्लथ नेहमीच्याच हळू आवाजात सांगत होता की मास्तर त्याला चांगलं ओळखतो. गुरांच्या बाजारात हा दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो. चर्चमध्ये हा डावीकडे बसला तर तो उजवीकडे बसतो. इतकी वर्षं. आपण बाजारात गेलो की आता म्हातारा कुठून वळणार हे जार्लथला आधीच कळायचं.

"आणि तू मला दर मंगळवारी इथे आणून सोडत होतास? त्याच्याकडे?"

"तुला इथे यायचं होतं."

"तुला राग कसा येत नाही रे? माणूस आहेस की खांब?"

"तू माझ्याही वाटचा करतेस," जार्लथ म्हणाला. "मला उरतच नाही." आणि त्याने ट्रॅक्टर चालू केला.

त्यानंतर दोन दिवस गावात कुणी मास्तरांना पाहिलं नाही. मी त्यांच्या दारात दोनदा गेले. पडदे लावलेले. टपाल आत टाकताना दाराच्या फटीतून वास घेतला. हो, घेतला, खोटं कशाला बोलू. दारूचा वास नव्हता. मला डिंपनाचा राग आला, मग मास्तरांचा आला, मग त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या गावाचा आला. रक्ताळलेली कॉलर घेऊन पोर घरी चालत गेलं तेव्हा रस्त्यावर कुणीतरी असेलच ना.

शुक्रवारी सकाळी मी कार्टींकडे टपाल घेऊन गेले तर फाटकापाशी मास्तरांची गाडी उभी होती. जार्लथ मेंढवाड्यात मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होता. एकेक मेंढी दोन गुडघ्यांत धरायची, तोंडात नळी घालायची, सोडून द्यायची. डिंपना भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी. मास्तर दाढी करून, कोट घालून आले होते, आणि जार्लथच्या बाजूला उभे राहून बोलत होते. डाव्या बाजूला.

मी फाटकातच थांबले. ते काय म्हणाले ते मी सगळं सांगणार नाही. चांगलं बोलले. यावेळी कडक शब्द नव्हता. मी तुला मारलं, म्हणाले, तुझा कान घेतला, तुझी शाळा घेतली, आणि नंतर तुझ्यापासून तोंड लपवत फिरलो. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. जार्लथचं काम चालूच होतं. मास्तरांचं बोलून पूर्ण झालं, ते गप्प झाले, तेव्हा त्याने हातातली मेंढी सोडली आणि सरळ उभा राहिला.

"तो कान गेलेला आहे, मास्तर," तो म्हणाला. "इकडून सांगा."

त्या कानाला ऐकू येत नाही हे मास्तरांइतकं कुणाला माहीत होतं, आणि तरी सवयीने की भीतीने, ते त्याच बाजूला जाऊन उभे राहिले होते. चिखलातून ते जार्लथला वळसा घालून उजवीकडे आले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणाले. मेंढ्या ओरडत होत्या. जार्लथने त्यांना मोठ्याने बोलायला सांगितलं. त्यांनी आवाज चढवला. रस्त्याने कुणी जात असतं तर त्यालाही ऐकू आलं असतं.

जार्लथने ऐकून घेतलं. मग विचारलं, "मला वाचता येत नव्हतं म्हणून मारलंत, का तुमची दारू होती म्हणून?"

मास्तरांना सोपं उत्तर देता आलं असतं. आमच्या खोलीत दारूवर सगळं टाकायला कुणी अडवत नाही.

"तू रडत नव्हतास म्हणून," ते म्हणाले. "बाकीची पोरं पट्टी उचलली की रडायची. तू नुसता बघायचास."

डिंपना भिंतीपासून सुटली. तिच्या हातात काय आलं असतं कोण जाणे, तिथे फावडं होतं. जार्लथने तिच्याकडे न बघता फक्त हात आडवा केला आणि ती त्या हाताला येऊन थांबली, धापा टाकत.

"मला वाटलंच होतं," जार्लथ म्हणाला. "बरं केलंत खरं सांगितलंत."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मास्तर वाट बघत होते, ते मला दिसत होतं. एवढ्या वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या दारात ते गेले, त्या प्रत्येकाने काहीतरी दिलं होतं, कुणी हात, कुणी चहा. जार्लथने पुढची मेंढी धरली.

"एक काम करा," तो मेंढीच्या पाठीवरून म्हणाला. "मंगळवारी तिथे येऊ नका. तिला तिथे बसायचंय. तुम्ही स्लायगोला जा."

"तीस वर्षं मी त्या खोलीत..." मास्तर म्हणायला लागले.

"तुमच्याकडे गाडी आहे," जार्लथ म्हणाला. "तिच्याकडे नाही."

एवढंच. मास्तर माझ्या शेजारून फाटकाबाहेर गेले. मी त्यांना हाक मारली, त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचे चांगले बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते.

आणि त्यांनी तसंच केलं. त्यानंतर ते आमच्या खोलीत कधी आले नाहीत. दर गुरुवारी स्लायगोला जायचे, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असला तरी. मालाकी कितीतरी महिने डिंपनाशी एक शब्द बोलला नाही. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असली तरी उभा राहायचा. दोघे जण गट सोडूनच गेले. मी राहिले, पण मला ते सोपं गेलं असं समजू नका. मधली खुर्ची आम्ही काढूनच टाकली. डिंपना दाराजवळच बसायची, आणि बोलायला लागली तेव्हा असं बोलायची की नवीन आलेली माणसं खुर्चीतून सरळ व्हायची. एकदा कुणीतरी तिला हलकेच सुचवलं, राग सोडून दे, रागाने माणूस परत दारूकडे जातो. ती म्हणाली, दारू सोड म्हणालात, सोडली. आता रागही हवाय तुम्हाला? मग माझ्याकडे राहणार काय, विणकाम?

ती प्यायली नाही. आजपर्यंत नाही.

कोर्टाची बंदी संपली आणि तिला लायसन्स परत मिळालं. तिने जुनी गाडी घेतली आणि किलशानलाच टॅक्सी सुरू केली. त्याच सुमाराला मास्तरांची नजर गेली. दोन्ही डोळे. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि स्लायगो बंद झालं. एका सकाळी मी त्यांच्याकडे टपाल द्यायला गेले तर ते खिडकीशी बसले होते, आणि समोर काही नव्हतं, रेडिओ नाही, पुस्तक नाही. मला ते बघवलं नाही. मी तडक डिंपनाकडे गेले आणि विचारलं, मंगळवारी त्यांना परत येऊ द्यायचं का. सरळ विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"म्हातारा आंधळा झालाय, डिंपना. एकटा आहे. पिईल तो."

"नाही म्हणजे नाही. ती खोली माझी आहे." ती बॉनेटमध्ये डोकं घालून तेल बघत होती. मग काडी पुसत, मी तिथे नसल्यासारखं, म्हणाली, "गुरुवारी किती वाजता असतं ते?"

पहिल्या गुरुवारी मी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत आणलं. आमच्याकडे टॅक्सीत बसायचं ते पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी. मागे बसतात परगावचे लोक आणि बिशप. मास्तर चाचपडत पुढच्या दाराशी गेले.

"मागे," डिंपना आतून म्हणाली.

ते मागे बसले. स्लायगोपर्यंत तासभर ती एक शब्द बोलली नाही, त्यांची बैठक होईपर्यंत बंदरावर गाडी लावून चिप्स खात बसली, आणि तासभर न बोलता परत आणून सोडलं. पुढच्या गुरुवारीही तेच. दोन हिवाळे ते असंच चाललं. मी एकदा तिला विचारलं, निदान हवापाण्याचं तरी बोलता की नाही. तो बोलतो, ती म्हणाली, मी रेडिओ मोठा करते.

मास्तर गेले तेव्हा दारू न पिता गेले. अंत्ययात्रेत अर्धं गाव होतं, मालाकीने खांदा दिला. जार्लथ कोट घालून आला होता आणि अगदी मागे उभा होता. डिंपना आली नाही. तिने त्या दिवशी टॅक्सीसुद्धा बंद ठेवली नाही. दफनभूमीच्या फाटकातून आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा ती समोरून गेली, शेजारच्या सीटवर बाजारची पिशवी घेतलेली एक म्हातारी, आणि तिने कुणाकडेही न बघता गाडी सरळ पुढे नेली.